सात वाजताचा भोंगा



जालन्यातल्या या साहित्य संमेलनाचा परिसर ज्या मस्तगडाच्या नावाने ओळखला जातो, ती गढी १७२५ च्या सुमारास निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने बांधली. त्या काळी निरोप यायचा तो माणसाबरोबर. निरोप्या दारात उभा राहायचा, त्याला गूळ-पाणी दिले जायचे, वाटेतल्या पाऊसपाण्याची चौकशी व्हायची आणि मग मूळ खबर. आज कुंडलिकेच्या एका काठावरचा मुलगा दुसऱ्या काठावरच्या मित्राशी नदी न ओलांडता दिवसातून वीसदा बोलतो. जुना जालना आणि नवा जालना यांच्यात अंतर असे उरलेलेच नाही. मात्र तेच दोघे संध्याकाळी एका बाकावर शेजारी बसले, की दोघांच्याही माना खाली असतात.

मोबाइलने घरातले बोलणे गिळले, ही तक्रार आता प्रत्येक ओसरीवर ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर जो उपाय सांगितला जातो, म्हणजे ज्याने त्याने स्वतःला आवर घालावा, तो लंगडा आहे. चार घरांत चार माणसे एकेकटी मोबाइल बाजूला ठेवून बसली, तर ती बोलणार कोणाशी? ही गाठ एकट्याने सुटणारी नाही. ती गावाने मिळून सोडवायला घ्यावी लागते, आणि तशी ती घेणारे गाव महाराष्ट्रात आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा मुलूख. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला, आणि ज्या घरांत मुलाच्या हाती कधी मोबाइल दिला जात नव्हता तिथे तो आईबापांनी स्वतः आणून दिला. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मुले वर्गात आली, पण त्यांचे लक्ष घरी राहिलेल्या मोबाइलपाशी. शिक्षकांना ते दिसत होते. घरात मोठ्यांचीही गत वेगळी नव्हती. मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणणारी आई मालिकेसमोर आणि वडील मोबाइलसमोर. सरपंच विजय मोहिते यांनी विषय आधी गावातल्या महिलांपुढे मांडला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ठरले: रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत साऱ्या गावाने मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचे.

पहिल्या दिवसांत पुरुषमंडळी हसली. भोंगा वाजवून कुठे माणसे सुधारतात का, असे म्हणणारे पुष्कळ होते. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दारात उभे राहून सांगत राहिले. दंडाचा बडगा नव्हता, पोलीस नव्हते. हळूहळू सातच्या भोंग्याला दिवे तेच राहिले आणि पडदे काळे झाले. मुले वह्या उघडून बसू लागली. मोठ्यांपैकी कोणी पुस्तक हातात घेतले, कोणी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

या प्रयोगाचे मर्म त्या भोंग्यात आहे. घड्याळ प्रत्येकाच्या घरी असते, पण ते एकेकट्याला वेळ सांगते. भोंगा साऱ्या गावाला एकाच क्षणी ऐकू येतो. आपण मोबाइल खाली ठेवला तेव्हा शेजारच्यानेही ठेवला आहे, त्यामुळे या दीड तासात आपले काही निसटणार नाही, हा भरवसा त्या आवाजातून मिळतो. कीर्तनाला बसलेला माणूस वीणेकऱ्याकडे पाहून बिनघोर डोळे मिटतो, तसेच हे. पुढे आपल्या मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या जकेकूरवाडीनेही हीच वाट धरली.

त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाच्या ग्रामसभेने वेगळा ठराव केला: अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी. त्यामागची कळकळ वडगावइतकीच खरी होती. तरीही दोन्हींत निवड करायची तर वडगावचा मार्ग उजवा ठरतो. मुलाच्या हातून मोबाइल काढून घ्यायचा आणि बापाने त्याच्यासमोर आपला चालू ठेवायचा, यात मुलाला शिस्त दिसत नाही, अन्याय दिसतो. वडगावात बापही बंद करतो.

एवढे बोलल्यावर दुसरी बाजू मांडली नाही, तर जालना जिल्ह्याशी ती प्रतारणा होईल. दिवाळीच्या आसपास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांच्या रांगा लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन हा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात पाच-सहा महिने राहतो. गावी म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरे. पूर्वी या घरांत फाल्गुन-चैत्रापर्यंत आईचा आवाज ऐकू यायचा नाही. आता फडात दिवसभराची तोड संपली, गाडी भरून झाली, की पाचटाच्या कोपीत चूल पेटते आणि आई व्हिडिओ कॉल लावते. पोरगी मोबाइल उभा धरून वहीचे पान दाखवते. आईला अक्षर वाचता येत नसते, पण पान भरले आहे हे दिसते. हा मोबाइल त्या घराचा उंबरठा आहे. त्याला व्यसन म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

टाळेबंदीतही हाच धडा मिळाला. ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता किंवा रेंज नव्हती, त्या मुलांसाठी जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू करावी लागली. म्हणजे कोणाकडे मोबाइल फार झाला हे जसे दुःख, तसे कोणाकडे तो नव्हताच हेही दुःख. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होते. भाजीवाल्याचे पैसेसुद्धा ज्या जिल्ह्यात मोबाइलवरून दिले जातात, तिथे तेवढ्या तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता जे बोलायचे, ते लेखकांशी.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात मोबाइलवरून पसरलेले. जमावाने पाचही जणांना ठार मारले.

डवरी गोसावी पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरत आला. त्याच्या डमरूचा आवाज आला की घरातली बाई सुपात पीठ किंवा धान्य घेऊन बाहेर यायची. तो अनोळखी असायचा, पण अनोळखी माणसाला ‘कुठले तुम्ही?’ असे विचारण्याची रीत होती, आणि त्या एका प्रश्नात निम्मे भय विरायचे. राईनपाड्यात तो प्रश्न विचारून उत्तर ऐकण्याइतका धीर जमावापाशी उरला नव्हता. समोर उभा असलेला माणूस खोटा ठरला आणि हातातला संदेश खरा. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. कंपनीला तेवढे करता आले. माणसाकडे पाहून त्याला ‘कुठले तुम्ही?’ विचारण्याची सवय परत आणणे कंपनीच्या हातात नाही. ते काम भाषेचे आहे, म्हणून ते लेखकांचे आहे, शिक्षकांचे आहे, ग्रंथपालांचे आहे. मराठीत कथा लिहिणाऱ्याने या दशकात एवढे जरी केले, अनोळखी माणसाला दारात उभे करून बोलते केले, तरी त्याच्या लेखणीचे चीज झाले.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याच्या आधाराने गावोगाव वाचनालये उभी राहिली. त्यांतली अनेक ऐन संध्याकाळी, जेव्हा शेतातून, कारखान्यातून, शिकवणीतून माणसे मोकळी होतात, नेमकी तेव्हा कुलूपबंद असतात. वडगावने वेळ मोकळी केली. त्या वेळेत जाऊन बसायला जागाही हवी. जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यात पाळी संपवून निघालेल्या कामगाराला आणि बियाणे कंपनीतून घरी निघालेल्या मुलीला वाटेत एक उघडे दार दिसले पाहिजे.

म्हणून या व्यासपीठावरून जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाला विनंती आहे. आठवड्यातून एक तरी दिवस संध्याकाळी सात ते साडेआठ दार उघडे ठेवा, आत येणाऱ्याचा मोबाइल दाराशी ठेवून घ्या, आणि एक चटई अंथरा. बोलायला कोण येणार, ही काळजी या मांडवात बसलेल्या लेखकांनी आपल्यावर घ्यावी. ज्यांना हे जमणार असेल, त्यांनी संमेलन संपण्यापूर्वी आपले नाव, गाव आणि वार कार्यालयात नोंदवून जावे.