तार षड्ज आणि आपला गळा

भजनात तार षड्ज आला की आपल्या माना वर जातात आणि गळ्याच्या शिरा ताठतात. पण सूर जोराने चढत नाही. स्वरतंतू ताणून पातळ झाले म्हणजे ते जलद कंपतात. तार षड्जाला मध्य षड्जाच्या दुप्पट कंपने लागतात. गळाच आवळला तर तंतू मोकळे कसे ताणले जाणार? हनुवटी सरळ ठेवून प्रथम तोंड मिटून हुंकाराने तो स्वर हलकेच लावावा, मग आकार. हिराबाई बडोदेकरांची (१९०५–१९८९) ध्वनिमुद्रिका ऐका. वरच्या सुरातही ओरडणे नाही. हट्टाने काळी पाचमध्ये गाऊन मी एकदा महिनाभर आवाज गमावून बसले होते. तेव्हापासून मी काळी चार धरते. जिला तीही जड जाईल तिने पेटी सुरू होण्यापूर्वीच सांगावे, पट्टी उतरवू.