वात्सल्याची तरतूद



 बालवाड्या-अंगणवाड्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या सर्व अंगोपांगांचा परामर्श घ्यावा, असा अशा प्रसंगीचा रिवाज आहे. परंतु अभ्यासक्रम, साधने आणि मूल्यमापन यांचा खल पुढील बैठकांत व्हायचाच असल्याने, ज्या एका विषयाला ठरावांत सहसा जागा मिळत नाही, त्या वात्सल्याविषयीच मी आज बोलणार आहे.

वात्सल्याची महती कोणी नाकारीत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. समारंभांत त्याचा गौरव होतो, अंदाजपत्रकात मात्र त्याच्या नावे छदामही पडत नाही. कारण माया हा बाईमाणसाचा उपजत स्वभाव, असला तर आहे, नसला तर नाही, त्याची योजना ती काय करायची, असा एक सोयीस्कर समज आपल्या मनांत मुरलेला आहे. या समजाचे निराकरण भावनगरने फार पूर्वीच केले. वकिली सोडून गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले, आणि तेथे बालकांशी त्यांचे जे वर्तन लोकांनी पाहिले, त्यावरून गुजरातने या भरदार मिशांच्या गृहस्थाला 'मुछाळी मा' ही पदवी बहाल केली. निरीक्षणाने, संयमाने आणि अभ्यासाने वात्सल्य कमावता येते, पुरुषालाही येते, हे त्या पदवीने मान्य केले.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हाच विचार महाराष्ट्रात रुजविला. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. बोर्डीत बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात, तेव्हा त्यांच्या नावापुढे गैरहजेरीचा शेरा मारून मोकळे होण्याऐवजी ही बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात जाऊन बसली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, नखे काढणे हा तिच्या दिनक्रमाचा आरंभ ठरला. आणि रोमच्या सान लोरेंझो वस्तीत १९०७ साली उघडलेल्या बालगृहातून जगभर गेलेली माँटेसोरीबाईंची महागडी साधने परवडत नव्हती, तेथे शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी त्यांची जागा घेतली. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली, आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी अडकलेल्या मुलीला शिकता यावे, म्हणून शाळेच्या जोडीला पाळणाघर आले. मूल का येत नाही, याचा शोध घेऊन त्याच्या अडचणीप्रमाणे संस्थेची रचना बदलणे, एवढे व्यवहारी रूप त्या दोघींच्या मायेने धारण केले होते.

या मायेत लाडाला फारसा वाव नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सदऱ्याची गुंडी स्वतः लावू पाहणाऱ्या मुलाच्या हातून ती चटकन काढून घेऊन लावून देणारी शिक्षिका प्रेमळ दिसते. परंतु चार वेळा निसटणारी गुंडी पाचव्यांदा बसेपर्यंत शेजारी स्वस्थ बसून राहणारी शिक्षिका अधिक प्रेम करीत असते, आणि त्यासाठी तिच्यापाशी वेळ असावा लागतो.

वेळ आणि माणसे यांचा हा हिशेब शास्त्रानेही मांडला आहे. रेने स्पिट्झ या वैद्याने १९४५ साली दोन ठिकाणच्या तान्ह्या बालकांची तुलना प्रसिद्ध केली. एक अनाथालय होते. तेथे अन्न आणि स्वच्छता यथास्थित, पण सुमारे आठ बालकांमागे एकच परिचारिका. दुसरे तुरुंगाला जोडलेले बालसंगोपनगृह. तेथे कैदी मातांना आपल्या लेकरांचे संगोपन स्वतः करण्याची मुभा होती. वाढ नीट झाली ती तुरुंगातल्या मुलांची. अनाथालयातली मुले खुंटली, आणि त्यांतील कित्येक दगावली. पुढे १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, बालकाच्या मानसिक आरोग्यासाठी माता किंवा तिची जागा कायम घेणारी व्यक्ती यांच्याशी उबदार आणि अखंड संबंध आवश्यक आहे, असा निष्कर्ष नोंदविला.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली, ही थोर गोष्ट होय. परंतु चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक केंद्र, त्यात एक सेविका आणि एक मदतनीस, आणि त्या सेविकेच्या माथी पूरक आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणाला साहाय्य, गर्भवतींच्या गृहभेटी, शिवाय दप्तर आणि भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती, अशी कामांची रास असता, सकाळी आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाला तिने मांडीवर घ्यावे कधी? ती निष्ठुर नसते. तिचा वेळ आपण आधीच खर्ची टाकलेला असतो. एवढे करूनही तिला पगार नाही, मानधन आहे. आणि उपदानावरील तिचा हक्क मान्य होण्यास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यावा लागला.

म्हणून परिषदेने तीन शिफारशी सरकारदरबारी धाडाव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली, मुले केंद्रात असेपर्यंत सेविकेकडे नोंदवही वा माहिती भरण्याचे कोणतेही काम असू नये, आणि त्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळाची तरतूद व्हावी. दुसरी, वारली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलाला दारातच त्याच्या घरच्या बोलीत हाक मारणारे माणूस प्रत्येक केंद्रात असावे. अनोळखी भाषेतली माया लहान मुलापर्यंत पोहोचत नाही. तिसरी, तपासणीस येणाऱ्या पर्यवेक्षिकेने दप्तर उघडण्यापूर्वी घटकाभर मुलांत बसावे, आणि कोणते मूल कशाने रडते, कशाने रमते, हे सेविकेला विचारून तिचे उत्तर आपल्या अहवालात लिहावे.

या शिफारशींना खर्च लागेल, आणि खर्चाचा आक्षेप प्रथम येईल. त्यावर माझे उत्तर इतकेच की, हा खर्च आजही होतोच आहे. मात्र तो सेविका आपल्या पदरचा वेळ आणि आपली प्रकृती झिजवून सोसते, आणि ती थकली की मुले सोसतात. तो सरकारी खात्यावर रीतसर मांडला जावा, हा या परिषदेचा पहिला ठराव असावा, अशी विनंती करून, मी कामकाजास प्रारंभ करण्याची अनुज्ञा देतो.