कोपेश्वराजवळ कोण बसलं?

सज्जन हो, नरसोबाच्या वाडीला आपण सगळेच जाता. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान होतं, दत्तमहाराजांच्या पादुकांचं दर्शन होतं, पेढे-बासुंदी पिशवीत जाते आणि आपण परत फिरतो. कृष्णामाई मात्र तिथं थांबत नाही. ती वळणं घेत पुढं जाते आणि शिरोळ तालुक्यातल्याच खिद्रापूर गावाशी येते. तिथं तिच्या काठी काळ्या पाषाणाचं एक शिवालय उभं आहे. आज तिच्या मागोमाग तिथवर जाऊ या.

त्या देवाचं नाव आहे कोपेश्वर. आता बघा, महादेवाची नावं किती! भोळा सांब, आशुतोष, शंभू. चटकन प्रसन्न होणारा देव तो. मग इथं नावातच कोप का? कथा आपल्याला ठाऊक आहे. दक्ष प्रजापतीने यज्ञ मांडला, साऱ्या देवांना बोलावलं, जावयाला तेवढं वगळलं. सती म्हणाली, माहेरी जायला आमंत्रण कशाला? आणि गेली. भर मंडपात बापाच्या तोंडून नवऱ्याची निंदा ऐकली आणि तिने तिथंच देह टाकला. ते कळलं तेव्हा महादेवाला कोप आला.

इथं थोडं थांबा. हा राग मानासाठी नव्हता, हो. आमंत्रण नाही म्हणून महादेव रागावले नाहीत. सती गेली म्हणून रागावले. ज्या रागाच्या मुळाशी प्रेम असतं, तो राग फार मोठा असतो, आणि तो उपदेशाने शांत होत नाही. मग कशाने होतो?

ते बघायला गाभाऱ्यात चला. शिवालयात एक पिंडी असते. इथं दोन आहेत. एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. धोपेश्वर म्हणजे साक्षात विष्णू. महादेवाची समजूत घालायला विष्णू आले आणि त्यांच्या शेजारी बसले, अशी तिथली परंपरा आहे. कोप शांत झाल्यावर विष्णू उठून वैकुंठाला गेले का? नाही. अजून शेजारीच बसलेले आहेत. शैव थोर की वैष्णव थोर, म्हणून भांडणाऱ्यांनी एकदा त्या गाभाऱ्यात डोकं टेकून यावं.

आणि नंदी? महादेवापुढं नंदी हवाच. इथं नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली, तो नंदी तिकडंच राहिला, असं सांगतात. कर्नाटकात कृष्णाकाठीच येडूर म्हणून क्षेत्र आहे, तिथला नंदी तो हा, असं भाविक मानतात. त्याच येडूरला वीरभद्राचं स्थान आहे. महादेवाच्या कोपातून प्रगटला आणि ज्याने दक्षाचा यज्ञ मोडला, तोच वीरभद्र. एक कथा, दोन गावं, आणि दोन्ही गावांना पाणी एकाच माईचं.

आता बाहेर या आणि देवालय डोळे भरून बघा. बाराव्या शतकातलं हे शिलाहार राजांच्या काळातलं काम. दर्शनी भागात जो मंडप लागतो, त्याला स्वर्गमंडप म्हणतात. ४८ खांब. त्यातले आतले १२ गोलाकार उभे आहेत, आणि त्यांच्यावर छताच्या मधोमध मोठं गोल गवाक्ष आकाशाला उघडं ठेवलेलं आहे. सुमारे १३ फूट रुंद. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच एक गोल शिळा. वर भोवतीनं अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. होमाचा धूर जायला ही वाट ठेवली, असं जुनी माणसं सांगतात. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गवाक्षावर येतो, चांदणं त्या शिळेवर उतरतं. रागाचंही असंच आहे, बरं का. तो आत कोंडला तर घर काळं करतो. त्याला जायला वाट दिली, तर त्याच वाटेने चांदणं आत येतं.

मुख्य देवळाच्या पायाशी वाका. दगडी हत्तींची रांग दिसेल. त्यांच्या पाठीवर देवदेवता बसलेल्या, वर सारं देऊळ. कितीकांच्या सोंडा आज तुटलेल्या आहेत, तरी भार टाकून एकही उठलेला नाही. घर सांभाळणारी माणसं अशीच असतात.

भिंतीवर एक शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ च्या सुमाराचा. देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याचा. सिंघणाने शिलाहार राजा भोज याचा पाडाव केला, त्याचं राज्य घेतलं. शत्रूच्या घराण्याचं हे देऊळ. पण सिंघणाने काय केलं? देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिलं, आणि ते दगडावर कोरून ठेवलं. वैर राजाशी होतं, देवाच्या दिव्याशी नव्हतं. आणि आपण? भावाशी बांधावरून वाद झाला, की त्याच्या घरच्या पूजेचा प्रसादसुद्धा घेत नाही!

या भागाने २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिला. माई कोपली, म्हणतात लोक. पण पूर ओसरल्यावर काय झालं, ते आठवा. शेजारी शेजाऱ्याच्या घरातला चिखल काढायला गेला. तोच धोपेश्वर!

म्हणून आपल्याला दोन मागणी आहेत. खिद्रापूरला जा, पण त्या खांबांवर खिळ्याने नाव कोरू नका, मूर्तींवर तेल-कुंकू थापू नका. देवळाचं अंग ते देवाचं अंग. आणि दुसरी. आपल्या घरात, भावकीत कुणीतरी कोपेश्वर होऊन बसलेला असेलच. त्याला शहाणपण शिकवायला जाऊ नका. नुसते जाऊन शेजारी बसा. विष्णूला अजून उठावंसं वाटलेलं नाही. आपण घटकाभर तरी बसू या.

नमः पार्वतीपते, हर हर महादेव!