थोरली बॅटरी आणि धाकटी बॅटरी

मोटार चौकात उभी राहिली की इंजिन आपोआप बंद पडावे, आणि ब्रेकवरचा पाय उचलताच, किंवा हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत क्लच दाबताच, ते पुन्हा आपोआप सुरू व्हावे, ही सोय आता आपल्याकडील पुष्कळ मोटारींत आणि काही स्कूटरींतही आलेली आहे. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गाड्यांची रांग लागली की पूर्वी सगळी इंजिने घुरघुरत असत. आता त्यांतील काही गप्प बसतात. नवी गाडी घेतलेल्या माणसाला प्रथम वाटते की इंजिन बिघडले. मग सवय होते. आणि दोन-तीन वर्षांनी एके दिवशी असे होते की गाडी थांबली तरी इंजिन चालूच राहते. समोरच्या फलकावर, ही सोय सध्या मिळणार नाही, अशा अर्थाची एक ओळ उमटते. मालक म्हणतो, ‘बरे झाले, कटकट गेली.’ मला आज बोलावयाचे आहे ते या ‘बरे झाले’विषयी. कारण ती ओळ म्हणजे बहुधा बॅटरीने आगाऊ पाठविलेले पत्र असते, आणि ते न वाचताच आपण बाजूला ठेवतो.

बॅटरीचे काम काय, हे आधी थोडक्यात पाहू. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हापुन्हा भारता येणारी बॅटरी तयार केली. आजही आपल्या मोटारीत असते ती तिचीच वंशज. मोटारी आल्या तेव्हा इंजिन सुरू करण्यासाठी पुढे हँडल घालून ते फिरवावे लागे, आणि हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा सेल्फ बसविला आणि हे कष्ट संपले. आपल्याकडे मात्र ॲम्बॅसडर आणि फियाट यांच्या काळात हँडल गाडीत असेच. बॅटरी उतरली तर चार माणसे जमवून धक्का मारला की काम भागे. आजची बटण दाबून सुरू होणारी स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. चार माणसे असोत की चाळीस, बॅटरी गेली की गाडी जागची हलत नाही. म्हणून बॅटरीची हयगय पूर्वीपेक्षा आज अधिक महागात पडते.

साध्या गाडीत सेल्फ दिवसातून चार-सहा वेळा फिरतो. तेवढ्या क्षणापुरता शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. पुढे चालत्या इंजिनावरचा अल्टरनेटर ती तूट भरून काढतो. बंद-चालू होणाऱ्या गाडीत शहरातून एक फेरी मारली तरी सेल्फ पंधरा-वीस वेळा फिरतो. शिवाय इंजिन बंद असताना दिवे, पंखा, रेडिओ, गाडीतील लहानमोठे संगणक हे सारे बॅटरीवरच जगतात. म्हणजे उचल दुप्पट-तिप्पट आणि भरणा अपुरा. त्यातच घर ते शाळा आणि शाळा ते बाजार अशा दोन-तीन मैलांच्या फेऱ्या करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गाडीत बॅटरी पूर्ण भरण्याइतका वेळ इंजिन कधी चालतच नाही. अर्धवट भरलेल्या स्थितीत बॅटरी महिनोन् महिने राहिली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो.

हे होऊ नये म्हणून गाडीत पहारा ठेवलेला असतो. बॅटरीच्या ऋण टोकावर एक लहानशी डबी बसविलेली असते. ती आत किती वीज गेली, बाहेर किती आली आणि उष्णता किती आहे याचा हिशेब ठेवते. तो हिशेब समाधानकारक असेल तरच इंजिन बंद करण्यास परवानगी मिळते. इंजिन अजून गार असेल, बाहेर कडक ऊन असून वातानुकूलनाला जोर लागत असेल, चालकाने पट्टा सोडला असेल किंवा दार उघडे असेल, तरीही इंजिन बंद होत नाही, आणि त्यात बिघाड काही नसतो. हैदराबादेत वैशाखाच्या दुपारी सोय काम करीत नाही म्हणून कोणी दुकान गाठू नये. परंतु हवा सुखद आहे, इंजिन तापलेले आहे, पट्टा बांधलेला आहे, गाडी अर्धा-पाऊण तास धावलेली आहे, आणि तरीही आठवडाभर इंजिन एकदाही बंद पडत नाही, तर पहारेकऱ्याने बॅटरीवर बोट ठेवले आहे असे समजावे.

आता प्रश्न असा, की कोणत्या बॅटरीवर?

कित्येकांना हे ठाऊकच नसते की त्यांच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. सर्वच गाड्यांत असतात असे नव्हे. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत एकच, पण अधिक दणकट अशी बॅटरी घालून काम भागविलेले असते. काही गाड्यांत मात्र थोरलीच्या जोडीला एक धाकटी असते. अमेरिकेतील जीप रँग्लरमध्ये २०१८ च्या नमुन्यापासून अशी धाकटी आली. व्होल्वो आणि मर्सिडीज यांच्याही काही गाड्यांत ती आढळते. मारुतीच्या सियाझमध्ये २०१८ साली दुसरी बॅटरी आली ती लिथियमची. तिची प्रकृतीच निराळी, आणि तिला कंपनीच्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये. मी पुढे बोलणार आहे ते शिशाच्या धाकटीविषयी.

ती कशासाठी असते? सेल्फ फिरतो त्या क्षणी थोरलीचा दाब बारा व्होल्टवरून दहाच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. सकाळी गाडी सुरू करताना दिवे क्षणभर मंद झाले तर आपले काही बिघडत नाही. पण चौकात दर वेळी दिवे मिचकावले, रेडिओ बंद पडला, संगणकांनी पुन्हा पहिल्यापासून पाढे म्हणावयास सुरुवात केली, तर चालवणारा वैतागेल. म्हणून थांब्यावर दोघींना एकमेकींपासून वेगळे करतात. थोरली आपली ताकद सेल्फसाठी राखून ठेवते आणि धाकटी घरातील दिवाबत्ती सांभाळते. इंजिन सुरू झाले की दोघी पुन्हा एकत्र येतात आणि एकाच अल्टरनेटरवर भरल्या जातात.

हे एकत्र कुटुंब सुरळीत चालते तोवर ठीक. परंतु धाकटी आकाराने मोटारसायकलच्या बॅटरीएवढी, कुठे फ्यूजच्या पेटीखाली तर कुठे आणखी अडचणीच्या जागी दडवलेली, आणि काम तर रोजचे. त्यामुळे अनेकदा आधी तीच थकते. काही गाड्यांत रात्रभर उभ्या स्थितीतही दोघी जोडलेल्याच असतात. धाकटीचा एखादा कोष आतून जोडला गेला, म्हणजे शॉर्ट झाला, तर ती रात्रभर थोरलीला शोषीत राहते. सकाळी दोघी रिकाम्या. मालक दुकानात जातो, दुकानदार समोर दिसते ती थोरली काढतो, नवी बसवितो, पैसे घेतो. चार दिवस गाडी छान चालते, कारण नवी थोरली भरलेली असते. मग धाकटी तिलाही शोषू लागते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ वृद्ध आईला घेऊन रात्री गोव्याहून चोर्ला घाटाने परतत होते. वाटेत पाच मिनिटे गाडी थांबवून इंजिन बंद केले, ते पुन्हा सुरू होईना. फलकावर दिव्यांची दिवाळी झाली होती, पण सेल्फ हूं की चूं करीना. महिन्यापूर्वीच त्यांनी चांगले दाम मोजून थोरली नवी घातली होती. ज्याने ती घातली त्याने दुसरी आहे काय, असा प्रश्नही विचारला नव्हता. घाटात फोनची रेघ नाही, पाऊस कोसळतो आहे आणि मागच्या आसनावर औषधाची वेळ झालेली आई. एका मालमोटारवाल्याने केबल लावून बराच वेळ धीर धरला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. काही गाड्यांत व्यवस्थाच अशी असते की सुरू होण्यापूर्वी गाडी धाकटीला हाक मारून पाहते, आणि ओ आली नाही तर थोरली ठणठणीत असूनही सेल्फला हुकूम जात नाही.

तेव्हा तपासणी कशी करावी? काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, काहीही चालू करण्यापूर्वी, मीटर लावावा. बॅटरीत सहा कोष असतात; प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट धरले तर भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ च्या वर यावा. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असावा; नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरज पाहून भरणा कमीजास्त करतो, म्हणून क्षणभर आकडा उतरला तर घाबरू नये. हे सारे दुकानदारालाही ठाऊक असते. त्याच्याही ध्यानातून निसटते ते असे, की दोघी जोडलेल्या असताना कुठेही मीटर लावला तरी एकच आकडा दिसतो. थोरलीचे गुण धाकटीच्या प्रगतिपुस्तकावर चढतात! म्हणून धाकटीची ऋण तार सोडवून, दोघींना विलग करून, काही तास तशाच ठेवून मगच प्रत्येकीचे माप घ्यावे. आणि नुसत्या दाबावरही विसंबू नये. घरी धडाधड पाठ म्हणणारा मुलगा परीक्षेत गप्प बसतो, तशी जुनी बॅटरी निवांत असताना १२.६ दाखविते आणि भार पडताच कोसळते. भार देऊन तपासण्याचे यंत्र चांगल्या बॅटरीवाल्याकडे असते. दोघींची तपासणी त्यावर स्वतंत्रपणे करून मागावी.

तार सोडविताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी, हा नियम पाळावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. गाडीची एक काच उघडी ठेवावी, नाहीतर कुलपे आपोआप लागून किल्ली आत आणि आपण बाहेर, असा प्रसंग येतो. दुसऱ्या गाडीवरून केबल लावावयाची झाल्यास ऋण चिमटा बॅटरीच्या टोकावर न लावता इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूवर लावावा. त्याने ठिणगी वायूपासून दूर राहते आणि मघाच्या त्या डबीचा हिशेबही चुकत नाही.

नवी घेताना स्वस्ताईच्या मोहात पडू नये. या गाड्यांसाठी दोन जातींच्या बॅटऱ्या येतात. एकीत आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. तिला एजीएम म्हणतात. दुसरी सुधारलेली द्रव-बॅटरी, ती ईएफबी. गाडीत जी जात असेल तीच पुन्हा घालावी. एजीएमच्या जागी साधी घातली तर ती फार काळ तग धरीत नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्याचे यंत्राने संगणकाला कळवावे लागते. न कळविल्यास तो जुनीच समजून भरणा करतो, आणि पैसे देऊनही इंजिन बंद होण्याची सोय परत येत नाही. उष्णतेचेही ध्यान असावे. दहा अंशांनी तापमान वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. ग्वाल्हेरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने थंड देशातील पुस्तिकेत लिहिलेल्या वर्षांची आशा धरू नये.

इतका उपद्व्याप आहे तर ही सोय हवीच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उभ्या गाडीचे इंजिन ताशी अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. रोज वीस मिनिटे चौकात जात असतील तर वर्षाकाठी साठ लिटरच्या घरात जाते, आणि लिटरला शंभर रुपये धरले तर सहा हजार रुपये. उन्हाळ्यात वातानुकूलन इंजिनाला बंद पडू देत नाही, म्हणजे त्यातून काही वजा करावे. महाग बॅटरीपोटी आणखी काही वजा करावे. उरते ते थोडे, पण उरते. शिवाय फाटकाशी उभ्या असलेल्या सायकलवाल्याच्या नाकात तेवढा धूर कमी जातो. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्यापाशी इंजिन बंद करण्याची मोहीम सरकारने काढली होती, ती याचसाठी. ज्याला सोय नको असेल त्याने त्यासाठी दिलेले बटण दाबावे. बहुतेक गाड्यांत ते दर वेळी नव्याने दाबावे लागते. पण तारा तोडून ‘कायमचा बंदोबस्त’ करून देणारे कारागीर हल्ली भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. सोय बंद केली म्हणून धाकटी तरुण होत नाही. ती जागेवर बसून म्हातारी होतेच, आणि मग पत्र पाठविणाराही कोणी उरत नाही.

राहता राहिली काढलेली जुनी बॅटरी. थोरली दुकानदार किंमत वजा करून आनंदाने ठेवून घेतो. धाकटीला भाव कमी, म्हणून ती पुष्कळदा घराच्या मागील पडवीत येऊन पडते, आणि एखाद्या दिवशी भंगारवाल्याच्या तराजूत जाते. पुढे कुठेतरी उघड्यावर ती फोडून शिसे वितळविले जाते. त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या अंगात जाऊन त्यांच्या मेंदूची वाढ खुंटविते. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, असे युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालाने सांगितले, आणि अशा उघड्या भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण म्हणून दाखविले. आपल्या देशात २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी धाकटी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, आणि पावतीवर दोन्ही जुन्या जमा झाल्याची नोंद करून घ्यावी.