बॅटरीची छोटी करवत: घ्यावी की नाही?

आज बोलायचं आहे ते त्या बॅटरीच्या छोट्या करवतीबद्दल. मोबाइलवर तिची जाहिरात पाहिली नाही अशी आपल्या गटांत कोणी उरली नसेल. एका हातात मावणारी, चार इंचाची पट्टी, पट्टीभोवती फिरणारी साखळी, आणि जाहिरातीतली बाई फांद्या अशा कापते जशी काकडी. किंमत दीड-दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत.

आमच्या गटात हा विषय निघाला तो उन्हाळ्यातच. आपल्या बाळापूर तालुक्यात लिंबू म्हटलं की वाडेगाव आणि त्याच्या आजूबाजूची गावं. हस्त बहाराचं लिंबू उन्हाळ्यात उतरलं की पावसाच्या आत झाडावरची सल काढायची घाई असते. आमच्यातल्या चौघींची स्वतःची झाडं आहेत, बाकीच्या दुसऱ्याच्या बागेत मजुरीनं जातात. गटाच्या पेटीत व्याजाचे साडेतीन हजार जमले होते. ते मशीनला घालायचे, की शाळा उघडताना कोणाला पोरांच्या वह्या-पुस्तकांसाठी उसने लागतील म्हणून ठेवायचे, यावर दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत काकू म्हणाल्या, "अवो, आधी चालवून त पाहा!" मग एकीच्या भावाची करवत मागून आणली आणि दोन बागांत चार दिवस चालवली.

पहिल्या दिवशी आम्ही खूश. मनगटाएवढी वाळलेली फांदी, जिच्यावर हातकरवतीनं खांदा दुखून येतो, ती अर्ध्या मिनिटात खाली. काटेरी झाडात कुऱ्हाड फिरवायला जागा नसते, तिथं ही आत जाते. कुऱ्हाडीच्या घावानं साल फाटते, ढलपी निघते. हिचा काप सरळ येतो.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू दिसली. लिंबाच्या छाटणीत बहुतेक काम अंगठ्यापेक्षा बारीक काड्यांचं असतं. बारीक काडीवर साखळी लावली की काडी थरथरते, ओढली जाते, साल सोलून निघते. कागदी लिंबाला खैऱ्या रोग लवकर धरतो, आणि तो पावसाच्या पाण्यातून अशाच जखमांत शिरतो. म्हणजे बारीक काम सिकेटरनंच करायचं, मशीन कितीही चांगली असो. आम्ही मोजलं नाही, पण अंदाजानं दहा फांद्यांतल्या सात-आठ सिकेटरच्याच होत्या.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. करवत एका हाताची, म्हणून दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो. आमच्या एकीचा डावा हात साखळीपासून वीतभर अंतरावर होता. पट्टीचं टोक मागच्या फांदीला लागलं आणि करवत एकदम उसळली. सुती हातमोजा साखळीत अडकून फाटला, बोटाला ओरखडा आला. चार टाक्यांवर गेलं नाही, हे आमचं नशीब. त्यानंतर काम अर्धा तास बंद होतं, आणि जाहिरातीतली हसणारी बाई कोणालाच आवडेना.

तेव्हापासून आमच्यात ठरलं आहे. कापताना फांदीला हात लावायचा नाही. धरायचीच असेल तर दुसरीनं लांबून दोरीनं ओढायची. पट्टीच्या टोकानं कापायचं नाही. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, डोळ्यांवर चष्मा. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चालवायची नाही. साखळी घट्ट करताना, साफ करताना बॅटरी आधी काढून बाजूला ठेवायची. हे शेवटचं विसरायला फार सोपं आहे, कारण पेट्रोलच्या मशीनसारखा हिचा आवाज नसतो, ती झोपली आहे असंच वाटतं.

आता खरेदीची गोष्ट. खोक्यावर कुठं २४ व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठं ३६, कुठं ४८. या छोट्या करवतींच्या बॅटरीत बहुधा पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पाचांचे झाले २१. त्याच बॅटरीवर ४८ छापलं म्हणून ती ४८ देत नाही. त्यापेक्षा बॅटरी हातात तोलून पाहा. दोन्ही बॅटऱ्या पोकळ, हलक्या लागल्या तर आत सेल कमीच आहेत. आमची उसनी करवत एका बॅटरीवर वीस-पंचवीस मिनिटं चालली, जाड लाकूड असलं की त्याहून कमी. म्हणून दुसरी बॅटरी नसेल तर मशीन घेऊच नये. जादा साखळी सोबत घ्यावी, आणि ती साखळी अकोल्याला दुकानात मिळते का हे आधी विचारावं. ऑनलाइन स्वस्त मिळते, पण तीन महिन्यांनी साखळी तुटली तर नुसत्या मोटरचं काय करायचं? पक्कं बिल घ्या.

स्वस्त करवतींत तेलाचा पंप नसतो. दर पाच-सात मिनिटांनी साखळीवर तेलाचे थेंब सोडावे लागतात. गाडीचं जळकं तेल फळझाडाच्या कापाला लावू नका. आणि जमिनीला टेकलेलं लाकूड कापू नका. माती लागली की साखळीची धार गेलीच. म्हणून पऱ्हाटीच्या खुंटांसाठी कोणी ही घेत असेल तर पैसे वाया.

काप कशानंही घ्या, वाळलेल्या फांदीसोबत थोडा हिरवा भाग घेऊन कापा आणि जखमेला बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, आणि त्याच दिवशी वापरायचं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसून निर्जंतुक करायचं. मशीनच्या साखळीत भुसा अडकतो, ती पुसणं सिकेटरपेक्षा किचकट. रोगट झाड दिसलं की आम्ही ते सगळ्यात शेवटी घेतो.

मग घ्यावी की नाही? दारात पाच-दहा झाडं असतील तर नका घेऊ. चांगलं सिकेटर आणि घडीची हातकरवत, दोन्ही मिळून बाराशे-पंधराशेत येतात, न चार्ज करता दहा वर्षं चालतात. पण गटातल्या बाया चार-सहा बागांत सल काढायला जात असतील, जुनी झाडं असतील, तर गटानं मिळून एक घ्यावी. आम्ही तेच केलं. बत्तीसशेची घेतली, दोन बॅटऱ्यांची. उरलेल्या तीनशेत एक सिकेटर येतं का पाहिलं, नाही आलं. दोघींनी आपले घातले. काकू अजूनही कुऱ्हाडच नेतात. "हे त खेळणं व्हय," म्हणतात. जाड फांदी आली की मात्र हाक मारतात.

करवत एकीच्या घरी राहते, नेणारीनं वहीत सही करायची. बॅटरी टिनाखाली, उन्हात चार्ज करायची नाही. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी तर नाहीच. सकाळी किंवा रात्री, घरात, कोणी जागं असताना. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, थंड होऊ द्यायची. हंगाम संपला की बॅटरी अर्धी भरून सावलीत ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची. पूर्ण रिकामी ठेवली तर पुढच्या वर्षी ती उठणार नाही.