पत्ता आणि आडनाव

बंगळूरच्या जयनगरात कुणाचं घर शोधायचं, तर आकडे पाठ असले की पुरे: चौथा ब्लॉक, अमुक मेन, तमुक क्रॉस. 1948 मध्ये पायाभरणी झालेल्या या वसाहतीच्या पत्त्यात आळी नाही, वाडा नाही. आपल्या गावांत 'महारवाडा' म्हटलं की पुढचं काही विचारावंच लागत नसे. आकड्यांनी ती खूण पुसली, हे आखणीकारांचं श्रेय. पण जात गेली कुठे? माझ्या मते ती पत्त्यातून उठली आणि 'टू-लेट'च्या पाटीमागे जाऊन बसली.

भेदभाव असा भाड्याच्या खोलीत दडतो, मग तो जातीचा असो की वर्णाचा, हे ओळखलं ते खोली मागत फिरणाऱ्या कामगार लेखकांनी. रिचर्ड राइट हा अमेरिकेतल्या मिसिसिपीतला काळा लेखक. शिकागोत त्याने हॉटेलात भांडी विसळली, पोस्टात टपाल निवडलं. त्याची 1940 ची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी सुरू होते ती एका खोलीत. चार माणसं, आणि तवा फेकून मारलेला एक जाडा उंदीर. त्या खोलीचं भाडं जातं डाल्टन नावाच्या कोट्यधीशाच्या कंपनीकडे. हा गृहस्थ काळ्या मुलांना टेबलटेनिसची टेबलं दान करतो! इकडे रेल्वेत कामगार असलेल्या बाबूराव बागुलांनी 1963 मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शीर्षककथेतला रेल्वे कामगार परगावी रुजू होतो, जात लपवून राहतो आणि ती उघडी पडताच मार खातो. त्या शीर्षकातलं 'चोरली' हे क्रियापद पाहा: आपलीच वस्तू, आणि चोर आपणच.

कुणी म्हणेल, वर्ण डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. तुलना ओढूनताणून आहे. फरक खरा आहे. पण दिसत नाही म्हणूनच तर घरमालक आडनाव विचारतो, आडनावाने भागलं नाही तर गाव, आणि शेवटी 'तुमच्याकडे नॉनव्हेज चालतं का?' काळ्या भाडेकरूला दारातच नकार मिळे; इथे राहायला आल्यावरही धास्ती सरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: घर माझं, भाडेकरू मी निवडेन. अमेरिकेतही हेच म्हणत. काळ्यांना घर विकायचं नाही, असे करार तिथे सर्रास होत. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्येच दिला, म्हणजे जयनगरची पायाभरणी झाली त्याच वर्षी. घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहण्यावर 1968 च्या कायद्याने बंदी आली. आपल्याकडे 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेची अट वैध ठरवली: सभासद फक्त पारशीच.