निवाडा अजून जिवंत आहे काय?



ऐन हंगामात आंब्याच्या पेट्या भरावयाच्या सोडून आपण कायद्याच्या पुस्तकांविषयी ऐकावयास आलात, याचे मला नवल वाटते. रत्नागिरीत कलम म्हटले की आधी हापूस आठवतो, कायदा मागाहून. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून कायदा कसा शोधावा, हा आजचा विषय. मी वकील आहे; तेव्हा माझ्याच एका चुकीपासून आरंभ करतो.

२०१५ सालची गोष्ट. एक वृद्ध बागायतदार मजकडे आले. त्यांच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'खाजगी वन' अशी नोंद होती आणि ती काढण्याचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने त्या वर्षाच्या ३० ऑगस्ट रोजी खाजगी वने सरकारकडे गेली. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम ३५, पोटकलम ३ खाली ज्या जमिनीला पूर्वी नोटीस निघाली होती, तीही 'खाजगी वन' या व्याख्येत येते. यांच्या वडिलांच्या नावे १९५० नंतर केव्हातरी अशी नोटीस निघाल्याचे कागदावर होते. घरात ती कोणी पाहिली नव्हती.

मी कपाटातून 'सुप्रीम कोर्ट केसेस'चा २००० सालचा तिसरा खंड काढला आणि पान १४३ उघडले. नोटीस निघाली एवढे पुरे, असे तो निवाडा सांगत होता. मी म्हणालो, "तात्या, यात काही राम नाही. उगीच खर्चात पडू नका." ते काही बोलले नाहीत. छत्री घेतली आणि गेले.

पुढे दुसऱ्याच कामासाठी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. तेथे निवाड्यांची एक सूची असते. अमुक निवाडा पुढे कोणत्या निवाड्यांत अनुसरला गेला, कोठे वेगळा मानला गेला, कोठे रद्द ठरला, हे तीत दिलेले असते. सहज पाने चाळली आणि माझ्या निवाड्यासमोर 'रद्द' असा शेरा दिसला. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या अपिलात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरविला होता. गंमत पाहा, २०१४ सालचाही खंड तिसराच, पान ४३०! नोटीस नुसती निघून भागत नाही. ती मालकावर बजावलेली हवी, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी हवी, आणि पुढे काहीच न करता वर्षानुवर्षे ठेवून दिलेल्या नोटिशीवर विसंबता येत नाही, असा त्याचा आशय.

वर्षापूर्वी मेलेल्या निवाड्यावर मी तात्यांना परत पाठविले होते. अपिलाची मुदत संपावयास नऊ दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी निरोप धाडला.

सांगावयाचे ते इतकेच की, निवाडा सापडला म्हणजे शोध संपला नाही. आजकाल निवाडा सापडणे फार सोपे झाले आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे संगणकावर मोफत मिळतात. काहींची मराठी भाषांतरेही मिळतात. पण त्याच साली न्यूयॉर्कमध्ये यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. खंड उघडून पान पाहिले असते तर हे टळले असते.

तेव्हा निवाडा हाती आला की किती न्यायमूर्तींचे पीठ होते ते पाहावे; मोठ्या पीठापुढे लहान पीठाचा निवाडा टिकत नाही. वरचा बारीक टाइपातला सारांश वाचून थांबू नये. तो संपादकाने लिहिलेला असतो, न्यायमूर्तींनी नव्हे. आपल्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या परशुरामचे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी वकिली करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले; पहिला १९३० साली निघाला, अखेरचा १९६२ साली. त्यांच्या तळटीपा पाहाव्यात. मूळ वचनांनी त्या भरून गेल्या आहेत.

आता कोणी विचारील, यासाठी विद्यापीठच कशाला? आपले नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, वकिलांची कपाटेही भरलेली आहेत. खरे आहे. पण वकील नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत घालतो, आणि कोकणातल्या जमिनीचा तंटा जुन्या आवृत्तीतच दडलेला असतो. १८८० चा खोती कायदा, १९४८ चा कुळकायदा, खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. आपल्या आजोबांचा हक्क ज्या दिवशी ठरला त्या दिवशी कलमाचे शब्द काय होते, हे आजच्या पुस्तकात मिळत नाही. जुन्या आवृत्त्या आणि राजपत्रांचे बांधीव खंड शोधावयाचे तर मोठ्या ग्रंथालयाचीच पायरी चढावी लागते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची उच्च न्यायालयातली कामे कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. आंबा घाट चढून तारखेला जाणाराने तेथल्या शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालयही पाहून यावे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचे नाव त्याला दिलेले आहे. बाहेरच्या वाचकांसाठी प्रत्येक ग्रंथालयाचे नियम निराळे असतात, म्हणून आधी पत्र लिहून विचारावे. जाताना सातबारा आणि जुने फेरफार बरोबर न्यावेत. "माझी केस आहे" असे सांगण्यापेक्षा "अमुक साली अमुक कलम कसे होते ते पाहावयाचे आहे" असे सांगितले, तर ग्रंथपाल चटकन उठतो.

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे वकीलसाहेब, आधी नोटीस बजावल्याचा कागद सरकारकडे आहे का, ते विचारा." तो कागद सरकारला दाखविता आला नाही. नोंद निघावयास पुढे तीन वर्षे लागली.